शून्याचं टोक

चार वर्षांतून एकदा निघते ही फीत.
कडूसाहेब आकड्याच्या बाजूला,
मी शून्याच्या.
पंचायतीचा शिपाई, सकाळी नळ सोडणारा,
आणि आकारणीच्या साली
पितळी कडी धरून
लोकांच्या घराच्या कोपऱ्यात उकिडवा बसणारा.

पिंपळझरीत घरं दोनशे सोळा.
कुडाचं, मातीचं, विटांचं, स्लॅबचं,
वहीत घरांच्या चारच जाती.
कुटारानं भरलेली ओसरीही मोजायची,
म्हैस उठवून गोठाही.
लखाराम नेवाऱ्याच्या घराला कुलूप, किल्ली चाकणला,
त्याचं बाहेरूनच मोजलं.
दिवाबत्ती कर त्यालाही लागला.

साहेब विचारत, बांधकामाचं साल?
कोणी म्हणे, मोठीच्या बारशाचं.
कोणी म्हणे, नाल्याचा पूर चावडीत शिरला
त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं.
साहेब लिहीत, १९९४.
मग त्यातून घसारा जायचा.

आता सांगायला हरकत नाही, साहेबांची बदली झाली.
कडी कोपऱ्याला भिडवायची, असा नियम.
मी भिडवत नव्हतो.
पाठ आड करून अर्धं फूट अलीकडे धरायचो.
कवडू झाडेचं अर्धं फूट,
गिरजा सोनटक्केचं अर्धं फूट.
सरपंचाचं नाही.
वर्षाला आठ-दहा रुपये वाचत असतील एकेकाचे,
पण मला वाटायचं, आपणही कोणी आहोत,
आपल्या मुठीत गाव थोडं लहान होतं.

यादी लागली. हरकतींना तीस दिवस.
लोक आले, जसे येतात:
भिंत पडली, ती वजा करा.
गोठ्यात माणूस राहत नाही.
भावाचं आणि माझं छप्पर एक, पावत्या दोन कशा?
विसाव्या दिवशी रुखमा कुमरे आली,
नमुना आठचा कागद चार घड्या घालून मुठीत.

"माह्यं घर मातीचं काहून लिवलं?
तीन उन्हाळे भट्टीवर होती मी.
मजुरीतून विटा कापून घेतल्या,
वाकड्या, काळ्या पडलेल्या, पण विटाच.
वरून माती लिपली म्हणून घर मातीचं होते का?
खरवडून पाहा."

साहेब म्हणाले, बाई,
विटांचं लिहिलं तर एकशे बाराचे तीनशे चाळीस होतील.
"होऊ द्या."
साहेबांनी चष्मा काढला.
छापील अर्जावर होतं, 'कर कमी करणेबाबत'.
त्यांनी 'कमी' खोडलं,
वर काय लिहावं ते सुचेना,
तसाच घेतला.

पुन्हा फीत, पुन्हा तिच्या घराचा कोपरा.
साहेबांनी आधी खिळ्यानं लिपण उकरलं,
आत लाल दिसलं.
मी सवयीनं पाठ आड केली.
ती मागे येऊन उभी राहिली.
"भाऊ, कडी कोपऱ्याले लाव."
मी हळूच म्हटलं, तुमच्याचसाठी करतो, वहिनी.
"ठाव हाय मले. मागच्या खेपीलेही पाह्यलं.
पण ते अर्धं फूट मी रचलं हाय.
वापस दे."

कडी विटेला लागली.
बारीकसा आवाज झाला, मलाच ऐकू आला असेल.
साहेब तिकडून ओरडले, साडेअठरा!
"लिवा," ती म्हणाली,
आणि चुलीवर काही तरी होतं, ते पाहायला आत गेली.

नव्या साहेबांकडे यंत्र आहे.
भिंतीवर लाल ठिपका पडतो, आकडा उमटतो.
त्याला दुसरं टोक नाही.
मी नुसता पुढे चालतो, घर कोणाचं ते सांगत,
आणि प्रत्येक कोपऱ्यापाशी
मूठ आपोआप मिटते.
बाकीच्यांनी अजून काही मागितलेलं नाही.